दोन आघाड्यांचा हिशेब मांडणारा संरक्षणमंत्री

चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण यांनी देशाच्या संरक्षण खात्याची सूत्रे हाती घेतली. पुढील चार वर्षांत त्यांना एका पराभवातून सावरायचे होते आणि एका युद्धाला सामोरे जायचे होते. चीन आणि पाकिस्तान या दोन शेजाऱ्यांविषयीचे भारताचे धोरण त्या काळात कसे घडत गेले, याचा हा मागोवा.

महाराष्ट्राला यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. राज्याचे पहिले मुख्यमंत्री, पंचायत राज्याचे शिल्पकार, सहकाराचे पाठीराखे आणि साहित्यिकांत रमणारा राजकारणी या रूपांत ते मराठी मनात स्थिरावले आहेत. त्यांच्या दिल्लीतील कारकिर्दीचा विषय निघाला की हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेल्याचा उल्लेख हमखास होतो. त्या उल्लेखातील अभिमान रास्त आहे. परंतु सह्याद्री धावून गेल्यावर तेथे नेमके काय केले, हा प्रश्न बहुधा तेथेच थांबतो. वास्तविक यशवंतरावांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण निर्णय याच काळातील आहेत. गरीब देशाने शस्त्रांवर किती खर्च करावा, ती कोणाकडून घ्यावीत, एका शत्रूशी लढताना दुसऱ्याचे भय किती बाळगावे आणि जिंकलेली भूमी कधी परत करावी, या प्रश्नांची उत्तरे त्यांना द्यावी लागली.

देवराष्ट्रे ते दिल्ली

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी यशवंतरावांचा जन्म झाला. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेले हे गाव आता सांगली जिल्ह्यात येते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आई विठाबाईंनी हलाखीत मुलांना वाढवले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ते स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले आणि १९३२ साली त्यांना तुरुंगवास घडला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून त्यांनी १९३८ साली पदवी घेतली. इतिहास आणि राज्यशास्त्र हे त्यांचे विषय होते. पुण्यात कायद्याचे शिक्षण पूर्ण करून ते वकील झाले. १९४२ च्या जूनमध्ये वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच भारत छोडो आंदोलनात ते भूमिगत झाले.

१९४६ साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळात निवडून आल्यापासून त्यांची चढण सुरू झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने पेटलेल्या प्रदेशात काँग्रेसचे सरकार चालवणे ही तारेवरची कसरत होती. १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तीव्र विरोधाच्या त्या वातावरणात हा समारंभ निर्विघ्न पार पाडणाऱ्या मुख्यमंत्र्याची कुवत पंतप्रधानांच्या लक्षात राहिली असल्यास नवल नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. मात्र संरक्षण खात्याशी त्यांचा याहून अधिक संबंध नव्हता.

पराभवाच्या सावलीत

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनच्या सैन्याने लडाख आणि नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, या दोन्ही भागांत एकाच वेळी चढाई केली. अपुरे कपडे, जुन्या रायफली आणि तुटपुंजी रसद यांच्या बळावर भारतीय जवान लढले. देशभर संतापाची लाट उसळली. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यावर स्वपक्षीयांनीच टीकेचा भडिमार केला आणि ७ नोव्हेंबर रोजी त्यांना मंत्रिमंडळातून जावे लागले. नेहरूंनी मुंबईहून यशवंतरावांना बोलावून घेतले. राज्याची सूत्रे मारोतराव कन्नमवार यांच्याकडे सोपवून ते दिल्लीला निघाले, तेव्हा नेफातील सेला आणि बोमडिला ही ठाणी पडली होती आणि आसामच्या मैदानावर भीतीचे सावट होते.

२१ नोव्हेंबर रोजी दिल्लीत यशवंतरावांनी पदभार स्वीकारला आणि त्याच दिवशी चीनच्या एकतर्फी युद्धबंदीची बातमी आली. लढाई संपली होती, पण तिचे ओझे आता सुरू होणार होते. सुमारे १,४०० जवान मृत्युमुखी पडले होते, सुमारे १,७०० बेपत्ता होते आणि सुमारे ३,९०० चीनच्या कैदेत होते. लडाखमधील अक्साई चीनचा सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश चीनच्या ताब्यात राहिला. लष्करप्रमुख जनरल प्राणनाथ थापर पायउतार झाले होते आणि जनरल जयंतनाथ चौधरी यांनी त्यांची जागा घेतली होती.

नव्या मंत्र्यापुढचे पहिले काम शस्त्रांचे नव्हतेच. मेनन यांच्या काळात मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यातील विश्वास पार ढासळला होता. मर्जीतले आणि मर्जीबाहेरचे असे अधिकाऱ्यांचे दोन तट पडले होते. यशवंतरावांनी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांच्यासोबत नियमित सकाळच्या बैठकांची पद्धत रूढ केली. लढाईचे उद्दिष्ट सरकार ठरवील, ती कशी लढायची हे सेनापती ठरवतील, अशी विभागणी त्यांनी मान्य केली. पुढच्याच वर्षी नाशिक मतदारसंघातून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. विरोधी पक्षांनीही उमेदवार उभा न करणे हा त्या काळच्या राष्ट्रीय भावनेचा आविष्कार होता.

चौकशी आणि मौन

पराभवाची कारणे शोधण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांची समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९६३ साली सादर झाला. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी त्यातील निष्कर्षांचा गोषवारा संसदेपुढे ठेवला. पर्वतीय युद्धाचे प्रशिक्षण अपुरे होते, साहित्य कमी पडले, वरिष्ठ पातळीवरील नेतृत्व उणे ठरले आणि वरच्या कार्यालयांनी खालच्या तुकड्यांच्या हालचालींत नको इतका हस्तक्षेप केला, हे त्यांनी मान्य केले. मूळ अहवाल मात्र प्रसिद्ध केला नाही.

या निर्णयाला दोन बाजू आहेत. सीमेवर सैन्याची नव्याने उभारणी होत असताना आपल्या उणिवांचा तपशील शत्रूच्या हाती पडू नये, ही भूमिका समजण्यासारखी होती. दुसरीकडे, या चौकशीची कक्षाच लष्करी कारवाईपुरती मर्यादित होती. मंत्रालय आणि राजकीय नेतृत्व यांचे निर्णय तिच्या कक्षेबाहेर राहिले. यशवंतराव नेहरूंच्याच मंत्रिमंडळात होते आणि पंतप्रधानांना अडचणीत न आणता सैन्याचे मनोधैर्य उभे करायचे, असा त्यांचा मार्ग होता. त्याची किंमत अशी, की हा अहवाल पुढे अनेक दशके गोपनीय राहिला. त्याचा काही भाग थेट २०१४ साली इंटरनेटवर उघड झाला. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली घेतलेले मौन किती काळ लांबते, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

पाच हजार कोटींचा आराखडा

१९६२ पूर्वीचे भारताचे संरक्षण धोरण एका गृहीतकावर उभे होते. पाकिस्तान हा शत्रू आहे, चीनशी मतभेद असले तरी मोठे युद्ध होणार नाही आणि हिमालय ही नैसर्गिक भिंत आहे. त्या हिवाळ्यात हे गृहीतक कोसळले. त्यात भर म्हणजे २ मार्च १९६३ रोजी पाकिस्तान आणि चीन यांनी सीमा करार केला आणि पाकिस्तानने बळकावलेल्या काश्मीरमधील शक्सगाम खोऱ्यावरील चीनचा हक्क मान्य केला. आता दोन प्रतिस्पर्धी एकमेकांना साथ देतील, हे धरूनच चालावे लागणार होते. दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी लढावे लागल्यास काय, हा प्रश्न या काळापासून दिल्लीच्या प्रत्येक आडाख्यात येऊ लागला.

त्याचे उत्तर यशवंतरावांच्या मंत्रालयाने पंचवार्षिक संरक्षण योजनेच्या रूपाने दिले. १९६४ ते १९६९ या काळासाठी आखलेल्या या योजनेत सव्वाआठ लाखांचे भूदल, ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल आणि नौदलाची जुनी जहाजे बदलण्याचा कार्यक्रम होता. उंच डोंगरांत लढण्यासाठी हलकी शस्त्रे आणि वेगळे प्रशिक्षण असलेल्या पर्वतीय डिव्हिजन उभारण्यात आल्या. सीमेपर्यंत रस्ते नेण्याच्या कामाला गती देण्यात आली. योजनेचा एकूण खर्च सुमारे पाच हजार कोटी रुपये होता. तोवर वर्षागणिक ठरणारा लष्करी खर्च प्रथमच पाच वर्षांच्या चौकटीत बसवण्यात आला.

पैसा कोठून यायचा, हा प्रश्न होताच. १९६२-६३ च्या मूळ अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ३७६ कोटी रुपये होते. १९६३-६४ मध्ये हा आकडा ८६७ कोटींवर गेला. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी नवे कर, सक्तीची बचत योजना आणि सुवर्ण नियंत्रण आणले. चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आल्याने देशभरातील सोनारांच्या पोटावर पाय आला. युद्धकाळात स्त्रियांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले होते. ती स्वेच्छेची देणगी होती. आता मात्र सीमेच्या सुरक्षेचा खर्च कायद्याने प्रत्येक घरापर्यंत पोहोचला होता. शाळा, दवाखाने आणि पाटबंधारे यांच्यासाठीही हाच पैसा हवा होता. कोयनेच्या पाण्यावर आणि ग्रामीण भागातील शिक्षणावर भर देणाऱ्या मुख्यमंत्र्याला या ओढाताणीची जाणीव नसेल, असे म्हणता येणार नाही.

शस्त्रे कोणाकडून?

पैसा उभा राहिला तरी शस्त्रे देणारा देश हवा होता. चीनच्या आक्रमणानंतर अमेरिका आणि ब्रिटन तातडीने मदतीला धावले. डिसेंबर १९६२ मध्ये दोघांनी मिळून १२ कोटी डॉलरच्या लष्करी साह्याचे सूत्र ठरवले. या मदतीसोबत अपेक्षाही आल्या. काश्मीरप्रश्नी पाकिस्तानशी बोलणी करावीत, असा दबाव आला आणि सरदार स्वर्णसिंग व झुल्फिकार अली भुट्टो यांच्यात चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या. मे १९६३ मध्ये त्या निष्फळ ठरल्या. पाकिस्तान १९५४ पासून अमेरिकेचा लष्करी मित्र होता. पॅटन रणगाडे आणि सेबर विमाने त्याला मिळालेली होती. चीनशी लढण्यासाठी दिलेली शस्त्रे भारत पाकिस्तानविरुद्ध वापरील, ही शंका वॉशिंग्टनमध्ये कायम राहिली.

मे १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. ते तेथे असतानाच २७ मे रोजी नेहरूंच्या निधनाची वार्ता आली आणि त्यांना परतावे लागले. भारताला हवी असलेली एफ-१०४ ही स्वनातीत लढाऊ विमाने, जी पाकिस्तानकडे आधीच होती, ती देण्यास अमेरिका राजी झाली नाही. त्याच वर्षी यशवंतराव सोव्हिएत संघाला गेले आणि सप्टेंबरमध्ये मिग-२१ विमाने तसेच त्यांच्या भारतातील उत्पादनाविषयीचा करार झाला. मिगविषयीची पहिली बोलणी मेनन यांच्या काळातच झाली होती. यशवंतरावांनी त्यांना पक्के आणि व्यापक रूप दिले. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला, अशी कारखान्यांची विभागणी झाली. ब्रिटनच्या सहकार्याने लिअँडर जातीच्या युद्धनौका बांधण्याचे काम मुंबईच्या माझगाव गोदीकडे आले. त्यातील पहिली नीलगिरी १९७२ साली नौदलात दाखल झाली. पाणबुड्या मात्र ब्रिटनकडून मिळू न शकल्याने त्याही अखेर सोव्हिएत संघाकडून घेण्यात आल्या.

अलिप्ततेचे धोरण सोडले जात नव्हते, पण त्याचा अर्थ बदलत होता. जो देश शस्त्रे देईल आणि ती बनवण्याची विद्याही देईल, त्याच्याकडे कल झुकणे अपरिहार्य होते. पुढील अनेक दशके भारताच्या परराष्ट्र धोरणावर राहिलेल्या सोव्हिएत मैत्रीच्या ठशामागे अशा व्यावहारिक गरजाही होत्या, हे विसरून चालणार नाही.

कच्छ ते छांब

भारताची ही तयारी पूर्ण होण्याआधीच हालचाल करावी, असा विचार पाकिस्तानच्या नेतृत्वाने केला. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी झडल्या. ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने तेथे शस्त्रसंधी झाला. रणाचा दलदलीचा प्रदेश युद्धासाठी आपल्याला गैरसोयीचा आहे, हे जाणून भारताने तेथे प्रकरण वाढवले नाही. त्या संयमाचा अर्थ पाकिस्तानने दुबळेपणा असा लावला. ५ ऑगस्टपासून काश्मीरमध्ये हजारो सशस्त्र घुसखोर पाठवण्यात आले. स्थानिक जनतेच्या उठावाची त्यांची अपेक्षा फोल ठरली. घुसखोरीची वाट रोखण्यासाठी भारतीय सैन्याने २८ ऑगस्ट रोजी हाजी पीर खिंड काबीज केली. तेव्हा पाकिस्तानने पुढचा डाव टाकला.

१ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. अखनूरचा पूल त्यांच्या हाती पडला असता तर जम्मू-काश्मीरचा महत्त्वाचा रस्ताच तुटला असता. सायंकाळी लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग यशवंतरावांकडे आले. हवाई दल मैदानात उतरवण्याची परवानगी हवी होती. १९६२ च्या युद्धात भारताने लढाऊ विमाने वापरण्याचे टाळले होते आणि त्या निर्णयाची सल अजून ताजी होती. हवाई दल उतरले की लढाई सीमित राहणार नाही, हेही उघड होते. अंधार पडण्यास थोडाच अवधी होता. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि पठाणकोटहून विमाने झेपावली. पहिल्याच संध्याकाळी जुनाट बनावटीची चार व्हँपायर विमाने गमवावी लागली, तरी शत्रूची आगेकूच मंदावली.

त्यानंतरचा निर्णय अधिक दूरगामी होता. छांबवरील दडपण कमी करायचे तर लढाई पंजाबात न्यावी लागणार होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली तो निर्णय झाला आणि ६ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने कूच केले. काश्मीरवरील हल्ला हा भारतावरील हल्ला मानला जाईल आणि त्याचे उत्तर कोठे द्यायचे ते भारत ठरवील, हे धोरण त्या दिवशी प्रत्यक्षात आले.

युद्धाच्या या दिवसांत यशवंतराव रोजनिशी लिहीत होते. त्यांचे स्वीय सचिव राहिलेले सनदी अधिकारी राम प्रधान यांनी पुढे त्या नोंदींच्या आधारे युद्धाची हकिकत पुस्तकरूपाने मांडली. सरकारच्या उंबरठ्याआडचे ताणतणाव त्यामुळे वाचकांपर्यंत पोहोचले.

खेमकरणजवळ असल उत्तर येथे ८ ते १० सप्टेंबरला झालेली रणगाड्यांची लढाई या युद्धाचा निर्णायक क्षण ठरली. शेतांत पाणी सोडून आणि उसाच्या पिकाआड दबा धरून भारतीय सैन्याने पॅटन रणगाड्यांचा चक्काचूर केला. हवालदार अब्दुल हमीद यांनी येथेच बलिदान दिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ही लढाई लढणारी चौथी डिव्हिजन तीच होती, जी १९६२ साली नेफात मोडून पडली होती. पर्वतीय डिव्हिजन म्हणून तिची पुन्हा बांधणी झाली होती. यशवंतरावांच्या तीन वर्षांच्या कामाचे मोजमाप करायचे तर याहून बोलका पुरावा सापडणे कठीण आहे.

दुसऱ्या आघाडीची छाया

युद्ध ऐन भरात असताना १६ सप्टेंबरच्या रात्री चीनचा खलिता आला. सिक्कीमच्या सीमेवरील कथित बांधकामे तीन दिवसांत हटवावीत, अन्यथा परिणाम भोगावे लागतील, असा त्याचा आशय होता. ज्या प्रसंगाची कल्पना करून पाच वर्षांची योजना आखली होती, तो प्रसंग योजनेच्या दुसऱ्याच वर्षी दारात उभा राहिला. भारताने पश्चिमेकडे जरुरीपुरते सैन्य आणले होते, पण उत्तर आणि पूर्व सीमा उघडी टाकली नव्हती. पूर्व पाकिस्तानातही जमिनीवरील आघाडी उघडली नाही. तशी ती उघडली असती तर चीनला हस्तक्षेपाची सबब मिळण्याचा धोका होता. चीनने मुदत वाढवली आणि धमकी प्रत्यक्षात उतरली नाही. परंतु भारताला युद्ध किती दिवस आणि किती दूरवर न्यायचे, यावर या छायेचा परिणाम झाला.

दुसरे बंधन साधनांचे होते. अमेरिकेने ८ सप्टेंबरला दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला होता. देश अमेरिकी गव्हावर अवलंबून होता आणि त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. युद्धबंदीची वेळ आली तेव्हा दारूगोळा संपत आल्याचा अंदाज लष्करप्रमुखांनी दिला. नंतरच्या हिशेबात मोठा साठा शिल्लक असल्याचे दिसून आले. पाकिस्तानची स्थिती याहून बिकट होती. आणखी काही दिवस लढता आले असते तर काय घडले असते, ही चर्चा अभ्यासकांत तेव्हापासून चालू आहे. सेनापतींच्या कामात ढवळाढवळ न करण्याचे यशवंतरावांचे तत्त्व एरवी हितावह ठरले. मात्र सेनापतींचे आकडे तपासून पाहण्याची व्यवस्थाही मंत्र्याकडे असावी लागते, हा धडा या प्रसंगाने दिला.

२३ सप्टेंबरच्या पहाटे युद्धबंदी अमलात आली. भारताच्या ताब्यात सुमारे १,९०० चौरस किलोमीटर आणि पाकिस्तानच्या ताब्यात सुमारे ५४० चौरस किलोमीटर भूमी होती. भारताचे सुमारे तीन हजार जवान धारातीर्थी पडले. चविंड्याच्या रणभूमीवर परमवीर चक्र मिळवणारे पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर त्यांच्यात होते.

ताश्कंदचा सौदा

जानेवारी १९६६ मध्ये सोव्हिएत पुढाकाराने ताश्कंद येथे वाटाघाटी झाल्या. शास्त्रीजींसोबत स्वर्णसिंग आणि यशवंतराव होते. १० जानेवारीच्या करारानुसार दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचे ठरले. याचा अर्थ हाजी पीर खिंड सोडून द्यायची होती. ज्या जवानांनी ती रक्त सांडून घेतली, त्यांच्या घरांना हे समजावणे सोपे नव्हते. मात्र छांबमधील पाकिस्तानच्या ताब्यातील भाग परत हवा होता, सोव्हिएत सद्भाव हवा होता आणि चीनकडे पाठ करून पाकिस्तानशी दीर्घकाळ झुंजत राहणे परवडणारे नव्हते. त्याच रात्री शास्त्रीजींचे निधन झाले. पंतप्रधानांचे पार्थिव घेऊन परतणाऱ्यांत यशवंतरावही होते. या कराराचे श्रेय घेण्याजोगे काही नव्हते आणि दोष देण्यास अनेकजण तयार होते.

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले आणि संरक्षण खात्याचा पर्व संपला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६७ मध्ये, सिक्कीममधील नथू ला येथे चिनी सैन्याशी चकमक झाली तेव्हा भारतीय जवान जागचे हलले नाहीत. पाच वर्षांपूर्वीचे सैन्य आणि हे सैन्य यांतील अंतर साऱ्यांना दिसले.

पुन्हा तेच दोन शेजारी

१९७१ साली बांगलादेशातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले तेव्हा यशवंतराव अर्थमंत्री होते. निर्वासितांच्या खर्चासाठी पत्रांवर पाच पैशांचे जादा तिकीट लावण्याचा तो काळ अनेक वाचकांना आठवत असेल. त्या वेळी सेनेने हिवाळ्याची वाट पाहिली. बर्फाने हिमालयाच्या खिंडी बंद झाल्या की चीनला हालचाल अवघड जाते, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करारही झाला होता. १९६५ साली ज्या दुसऱ्या आघाडीने हात बांधले, तिची तजवीज या वेळी आधीच करण्यात आली होती.

१९७४ ते १९७७ या काळात परराष्ट्र खाते यशवंतरावांकडे होते. एप्रिल १९७६ मध्ये भारताने बीजिंगला पुन्हा राजदूत पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. पंधरा वर्षे रिक्त असलेल्या त्या पदावर पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन यांची निवड झाली. त्याच वर्षी पाकिस्तानशी १९७१ च्या युद्धात तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जोडले गेले आणि जुलैमध्ये अमृतसर-लाहोर समझौता एक्स्प्रेस धावू लागली. ही गाडी २०१९ साली बंद पडली. हे निर्णय अर्थातच पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सरकारचे होते. तरीही पर्वतीय डिव्हिजन उभारणारा मंत्रीच राजदूत पाठवण्याच्या वेळी परराष्ट्र खात्यात असावा, यात विसंगती नाही. सीमेवर पाय घट्ट रोवल्यानंतर बोलणी करणे म्हणजे शरणागती ठरत नाही, हे त्याला ठाऊक होते.

आणीबाणीनंतरचा काळ यशवंतरावांसाठी चढउतारांचा ठरला. लोकसभेतील विरोधी पक्षनेतेपद, १९७९ साली अल्पकाळ लाभलेले उपपंतप्रधानपद, पुन्हा काँग्रेसमध्ये परतणे आणि आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद या टप्प्यांतून ते गेले. १९८३ साली वेणूताईंचे निधन झाले आणि ते एकाकी झाले. कृष्णाकाठ हा आत्मचरित्राचा पहिला खंड लिहून झाला होता. दिल्लीतील वर्षे पुढच्या खंडांत यायची होती. ते खंड लिहिले गेलेच नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांनी अखेरचा श्वास घेतला. कऱ्हाडच्या कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

संरक्षणमंत्री म्हणून यशवंतरावांनी कोणताही नवा सिद्धान्त मांडला नाही. रणांगणावर त्यांनी मिळवलेला विजयही संपूर्ण नव्हता. हाजी पीर परत गेली, अक्साई चीन परत आला नाही, अहवाल कपाटात राहिला आणि शस्त्रांसाठी परदेशांवरील अवलंबन सुटले नाही. परंतु १९६२ साली देशाच्या धोरणात आणि देशाच्या बळात जी दरी होती, ती त्यांनी बरीच बुजवली. आधी बळ मोजायचे, दोन्ही सीमांचा एकत्र विचार करायचा आणि मग पाऊल टाकायचे, ही शिस्त त्यांच्या काळात रुजली. २०२० साली गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान हुतात्मा झाले, तेव्हा सैन्य पश्चिमेकडून उत्तरेकडे किती वळवायचे हा प्रश्न दिल्लीपुढे पुन्हा आला. देवराष्ट्र्याच्या या सुपुत्राने तो १९६२ च्या हिवाळ्यातच हाती घेतला होता.